वरच्या बांधीपासून

भट्टीपुऱ्यात कोणाचं भांडण पेटलं, नळावर रांग मोडली, कोणाची सून रुसून बसली, की पहिलं बोलावणं धुरपताबाईला जायचं. अंगानं किडकिडीत बाई, पण आवाज असा खणखणीत, की गल्लीच्या खालच्या टोकाला तिनं पोराला हाक मारली तर वरच्या टोकाला जागेश्वर हातातला हातोडा थांबवून मान वर करायचा. मांडीवर सूप, सुपात तेंदूचा पाला आणि तंबाखू, बोटं आपली विड्या वळताहेत, आणि तोंडानं कोणाची तरी खरडपट्टी चाललेली. अर्धा मोहल्ला तिला भ्यायचा आणि तोच अर्धा मोहल्ला अडल्यानडल्याला तिच्याच दारात यायचा.

भंडाऱ्याच्या बाजारातून एक गल्ली वैनगंगेच्या अंगानं खाली उतरत जाते, तोच हा भट्टीपुरा. वरच्या अर्ध्यात पितळेची भांडी घडवणारे, जागेश्वर त्यांतला मोठा कारागीर, आणि एकदोन किराणावाले. खालच्या अर्ध्यात छप्पन साली दीक्षा घेतलेल्यांची घरं. कोणी हमाली करायचं, कोणी मिस्तरीच्या हाताखाली जायचं, आणि बाया बहुतेक विड्या वळायच्या. गल्ली एकच होती, पण वरचे लोक खाली येत नसत आणि खालचे वर थांबत नसत. पावसाळ्यात मात्र दोघांची गत सारखीच व्हायची. वरच्या अर्ध्यात मधोमध मोठा खोलगट भाग होता, तिथं निम्मं पाणी साचायचं, उरलेलं खाली यायचं. सगळ्यांच्या दारात थोडं थोडं पाणी, सगळ्यांच्या पायाला चिखल, सगळ्यांच्या तोंडी सरकारला शिव्या.

गल्लीतलं अगदी शेवटचं घर गिरजाबाईचं. मातीच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर. नवरा केव्हाच गेलेला, मूलबाळ नाही. एसटी स्टँडवर मुरमुरे-फुटाणे विकून म्हातारी आपलं भागवायची. धुरपता लग्न होऊन या गल्लीत आली तेव्हा तिला सासू नव्हती. पोराचं न्हाणंधुणं गिरजाबाईनंच केलं, आणि विडी वळायलाही तिनंच शिकवलं. धुरपता जगाला दटावायची, पण गिरजाबाईपुढे तिचा आवाज आपोआप खाली यायचा. तिला ती मावशी म्हणायची, आणि नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नसे.

एकोणऐंशी साली उन्हाळ्याच्या तोंडावर एक साहेब मोहल्ल्यात आला. तरुण होता, शहरातून शिकून आलेला, आणि चांगला होता बिचारा. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर सगळा दोष त्याच्या माथी मारून मोकळं होणं फार सोपं आहे. वस्तीतल्या लोकांनीच एकत्र येऊन आपली वस्ती सुधारायची, असं काहीतरी त्याच्या योजनेत होतं. लिंबाच्या झाडाखाली त्यानं सगळ्यांना बसवलं. वरचे एका अंगाला बसले, खालचे दुसऱ्या अंगाला. साहेब बरोबर मध्ये जाऊन मांडी घालून बसला, तेव्हा त्याची ताणलेली पँट पाहून बायांना हसू आवरेना.

"मुरूम आम्ही देऊ, रस्ता तुम्ही भरायचा," तो म्हणाला. "अर्धा या वर्षी, अर्धा पुढच्या वर्षी. सुरुवात कुठून करायची ते मी सांगणार नाही. गल्ली तुमची आहे, तुम्हीच ठरवा."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. शेवटी सगळ्यांचे डोळे वळले धुरपताकडे.

"यात इचाराचं काय हाये साहेब?" ती म्हणाली. "रोवणा कुठून धरतेत? वरच्या बांधीपासून. वरची बांधी रोवून झाली का मंग खालची."

हशा पिकला, आणि माना डोलल्या. कारण तिथं बसलेला एकूणएक माणूस धानाच्या गावातून आलेला. कोणाचं गाव पवनीकडे, कोणाचं लाखनीकडे, पण लहानपण सगळ्यांचं चिखलात पाय रोवून गेलेलं. तलावाचं पाणी आधी वरच्या बांधीत, म्हणजे उताराच्या वरच्या खाचरात, यायचं, ती भरली की तिचा धुरा, म्हणजे मातीचा बांध, फोडून खालच्या बांधीत सोडायचं, आणि भातलावणीचा हा रोवणा पाण्याच्या मागोमाग उतरत जायचा. खालून सुरुवात करणाऱ्याला गावानं वेड्यात काढलं असतं. शिवाय रोवण्याची दुसरीही एक रीत होती: आज तुझ्या बांधीत माझी माणसं, उद्या माझ्या बांधीत तुझी. आधी आपण वरच्यांच्या दारात राबलो तर पुढच्या वर्षी त्यांना आपल्या दारात यावंच लागेल, असा धुरपताचा हिशेब होता, आणि तो काही वाईट नव्हता. पण ही सगळी रीत पाणी हवं असतं तेव्हाची. इथं तर पाणी नको होतं. एवढी साधी गोष्ट त्या लिंबाखाली एकाच्याही डोक्यात आली नाही.

गिरजाबाईनं तेवढं विचारलं, "माह्या दारात कधी येईन वो मुरूम?"

"पुढच्या साली, मावशी," धुरपता म्हणाली. "पुढच्या सालचं पयलं टोपलं तुह्या दारात. मी सोता आणून टाकीन, पाहाजो."

म्हातारीनं मान हलवली. धुरपता बोलली म्हणजे ते झालंच, असं ती धरून चालायची.

मग तो उन्हाळा काय वर्णावा! ट्रकनं मुरूम येऊन पडला, आणि खालच्या ओळीतली माणसं घमेली-टोपली घेऊन वर गेली. कामावर जाण्याआधी माणसं, तंबाखूनं पिवळ्या पडलेल्या बोटांच्या बाया, सगळे सकाळच्या पारी राबायचे. वरचेही उतरले. जागेश्वरानं आपली भट्टी बंद ठेवून मुरूम ठोकायचा धुम्मस हातात घेतला. खोलगट भाग भरत आला तशी माणसं एकमेकांना नावानं हाका मारायला लागली. इतक्या वर्षांत ती नावं त्यांना ठाऊक होती, पण तोंडावर कधी आली नव्हती.

एक दिवस जागेश्वराची बायको रुखमिणी चहाची किटली घेऊन ओट्यावर आली. गिरजाबाईनं सवयीनं पदराआडून आपला जर्मनचा गिलास काढून पुढे धरला. रुखमिणी जरा थबकली. मग म्हणाली, "असू द्या वो मावशी, हा घ्या कप. आन् खाली कायले उभ्या? बसा ना ओट्यावर."

गिरजाबाई ओट्याच्या कडेला टेकली, चहा प्यायली, आणि कप धुवायला उठली तर रुखमिणीनं तो हातातून घेतला. घरी येताना म्हातारी वाटभर हसत होती. "कपाले दांडी होती पोरी," ती धुरपताला पुन्हा पुन्हा सांगत होती, "निळी फुलं होती त्याच्यावर." धुरपताला त्या दिवशी जे वाटलं ते तिनं कोणाला बोलून दाखवलं नाही. एवढ्यासाठी वरून सुरुवात केली हे बरंच झालं, असं तिला वाटलं होतं.

वरची ओळ संपते तिथं मुरूम संपला. तिथं रस्ता एकदम थांबला आणि खाली जुनी गल्ली तशीच राहिली. मध्ये गुडघाभर उंचीची पायरी तयार झाली. पोरं त्या पायरीवरून उड्या मारायची.

मग पाऊस लागला. वरचा खोलगट भाग आता भरलेला होता, तिथं पाण्याला थांबायला जागाच नव्हती. वरच्यांच्या दारातून ते सरळ धावत आलं आणि पायरीवरून खालच्या ओळीत पडलं. पूर्वी दोघांत वाटून यायचं ते सगळं आता एकट्या खालच्यांच्या वाट्याला. धुरपता सूप डोक्यावर धरून दारात उभी राहिली, आणि पायरीवरून पडणारं पाणी पाहता पाहता तिला आपलं लिंबाखालचं बोलणं आठवलं. कोणी तिला एका शब्दानं बोललं नाही. बोललं असतं तर तिला भांडता तरी आलं असतं.

"एक साल काढू," ती सगळ्यांना सांगत सुटली. "पुढच्या साली आपली पाळी हाये."

पुढच्या साली साहेबाची बदली झाली. त्याच्या जागी आलेल्या माणसानं सांगितलं, की दुसरा हप्ता मंजूर व्हायचा आहे. त्याच्या पुढच्या साली आलेल्यानं सांगितलं, की योजनाच बदलली. धुरपता कचेरीच्या व्हरांड्यात जाऊन बसायची. जो आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचायचा तो तिथल्या टेबलाच्या पलीकडे जात नसे. "बाई, ओरडू नका," असं तिथला शिपाईसुद्धा तिला सांगायचा.

हरून ती जागेश्वराकडे गेली. "भाऊ, तुमच्याकडच्या खोलगटातला मुरूम थोडा खोदू द्या. आधीसारखं पाणी वाटून जाऊ द्या. गिरजामावशीच्या भिंती खालून भिजून राहिल्या."

जागेश्वर माणूस खोटा नव्हता. "बाई, तुमीच भरला हा रस्ता, मी नाही कसा म्हणू?" तो म्हणाला. "पण माही भट्टी जमिनीत हाये. पाणी शिरलं का भट्टी फुटते, आधी दर साली फुटायची. मंग आमी खावाचं काय?" आत रुखमिणी उभी होती. तिनं चहा विचारला. तोच निळ्या फुलांचा कप. धुरपतानं तो भरलेलाच ओट्यावर ठेवला आणि ती निघाली.

एका रविवारी जागेश्वर आणि वरचे काही लोक फावडी घेऊन खाली आलेही, नाली खणून पाणी बाजूनं काढू म्हणाले. पण बाजू कोणती? डावीकडून काढावी तर एकाच्या चुलीजवळून जात होती, उजवीकडून काढावी तर दुसऱ्याच्या भिंतीखालून. दुपारपर्यंत नुसता वाद झाला. संध्याकाळी आभाळ भरून आलं आणि सगळे आपापल्या घरी गेले. पुढे लिंबाखाली कोणी बसेनासं झालं.

आता प्रत्येकजण आपापलं पाहायला लागला. एकानं दारात राख टाकली, दुसऱ्यानं विटांचे तुकडे, तिसऱ्यानं कुठून तरी आणलेला मलबा. ज्याचं दार उंच व्हायचं त्याच्या दारातलं पाणी खालच्या घरी जायचं. म्हणून तोही दार उंच करायचा. असं करत करत पाणी एकेक दार सोडत खाली सरकलं, आणि शेवटी राहिली दोनच घरं: धुरपताचं आणि त्याच्या खालचं गिरजाबाईचं.

धुरपतानं आपला उंबरा उंच केला नाही. "मावशीचा होईन तवाच माहा," ती म्हणायची. गिरजाबाईच्या दारात तिनंही भराव टाकून पाहिला, पण त्या घराची जमीनच गल्लीच्या खाली, टाकलेली माती रात्रीच्या पावसात वाहून जायची. म्हणून दोघी मिळून पाणी उपसायच्या, एक इकडून, एक तिकडून. गिरजाबाईची मुरमुऱ्यांची पोती आणि धुरपताचा तेंदूचा पाला एकाच फळीवर, छपराजवळ ठेवलेला असायचा.

धुरपताचा मुलगा खुशाल वरठीला रेल्वेत गँगमन होता, घरूनच जाऊन-येऊन करायचा. त्याला मुलगा झाला त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यातली गोष्ट. धुरपता तयार विड्या देऊन कारखान्यातून परत आली, तर दारात सिमेंटचा ओला उंबरा. चांगला वीतभर उंच, गुळगुळीत.

"काहून केलं बे?" ती कडाडली. "तुले मालूम होतं ना मी काय बोललो होतो?"

खुशालनं थापी खाली ठेवली. "मालूम हाये माय. पण पोरगं कुठं झोपवू? पाण्यात झोपवू का?"

आदल्याच आठवड्यात नातू जमिनीवर टाकलेल्या गोधडीतून लोळून पाण्यात गेला होता. त्याला उचलणारी धुरपताच होती. तिनं एकदा त्या ओल्या सिमेंटकडे पाहिलं, एकदा खालच्या दाराकडे. लाथ मारून उंबरा मोडावा असं तिला वाटलं, आणि मोडवेना. नातू आत खेळत होता. ती उंबरा ओलांडून घरात गेली आणि सूप मांडीवर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

गिरजाबाई संध्याकाळी स्टँडवरून आली. तिनं उंबरा पाहिला. "बरं केलं खुशालनं," ती म्हणाली, "लेकरू हाये घरात." हे ती मनापासून बोलली होती. ते ऐकून धुरपताला रडूच कोसळलं.

श्रावणात एका दुपारी गिरजाबाईची मागची भिंत बसली, आणि तिच्याबरोबर छप्पर. म्हातारी तेव्हा स्टँडवर होती म्हणून वाचली. गल्लीतली माणसं वरून खालून धावत आली, रुखमिणीसुद्धा आली. कवेलूंच्या ढिगाऱ्यातून भांडी काढली, फळी काढली, मुरमुऱ्यांचं पोतं काढलं. तेवढ्यापुरता मोहल्ला पुन्हा एक झाला. पण भिंत उभी करायची कशावर? खाली नुसता चिखल होता. धुरपतानं म्हातारीला आपल्या घरी ठेवलं. एका खोलीत पाच माणसं. गिरजाबाई रात्री कुशीसुद्धा वळत नसे, कोणाला त्रास नको म्हणून. थोड्या दिवसांनी जवळच्या शहापूरहून तिचा भाचा टिकाराम आला आणि तिला घेऊन गेला.

जाताना ती म्हणाली, "मुरूम आला का सांगजो, पोरी."

"येतो ना मी सांगाले," धुरपता म्हणाली.

आणि मुरूम आला! शहाऐंशीच्या उन्हाळ्यात, कोणी वाट पाहत नसताना ट्रक येऊन उभे राहिले. योजनेचं नाव नवं, साहेब नवा, बरोबर मोजमाप करणारा एक ओव्हरसियर. या साहेबानं लिंबाखाली कोणाला बसवलं नाही. धुरपता मात्र आपणहून पुढे झाली. "साहेब, या येळेस खालून धरा," ती म्हणाली. "पार खालून."

"खालूनच धरणार," ओव्हरसियर म्हणाला. धुरपताला क्षणभर विश्वासच बसेना. मग त्यानं पडक्या घराच्या जागेकडे हात केला. "पण ती जागा सोडून. एवढ्या गल्लीचं पाणी उतरायला कुठंतरी खड्डा लागेलच. तिथं कोणी राहत नाही ना?"

गल्लीतले सगळे उभे होते. तिथं कोणी राहत नव्हतं हे खरंच होतं. ते पाणी तिकडे गेलं की उरलेल्या सगळ्यांची दारं कोरडी राहणार, हेही खरं होतं. "नाही साहेब," कोणीतरी म्हणालं. धुरपतानं तोंड उघडलं. "ते गिरजाबाईचं..." ती म्हणाली, आणि तिच्या शेजारी खुशाल नातवाला कडेवर घेऊन उभा आहे हे तिला दिसलं. त्या जागेत भराव टाकला तर पाणी आता कोणाच्या दारात येणार होतं? तिच्याच. तिचं वाक्य अर्धंच राहिलं, आणि साहेबाला ते पूर्ण ऐकायचं नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मजूर यायच्या आधी तिनं ढिगातून मुरूम टोपल्यात भरला. टोपलं डोक्यावर घेऊन ती खाली गेली आणि जिथं गिरजाबाईचं दार होतं तिथं तिनं ते ओतलं. बोललेलं खरं केलं. दुपारी मजुरांनी तो मुरूम फावड्यानं ओढून रस्त्यावर पसरला, कारण खड्डा मोकळा ठेवायचा होता. तिनं ते आपल्या उंच उंबऱ्यावरून पाहिलं.

रस्ता झकास झाला. त्या पावसाळ्यात गल्लीत कोणाच्या पायाला चिखल लागला नाही. सायकली सरळ दारापर्यंत यायला लागल्या. रुखमिणी पहिल्यांदाच खाली धुरपताच्या घरी बसायला आली. मोहल्ला सुधारला, हे कोणीही मान्य केलं असतं.

पाऊस ओसरल्यावर धुरपता शहापूरला गेली. जाणं तिनं टाळत आणलं होतं, पण शब्द दिला होता. टिकारामच्या पडवीत गिरजाबाई भिंतीला टेकून बसली होती. फार खंगली होती, नजर गेल्यासारखीच होती. पावलांवरून तिनं ओळखलं.

"धुरपता का वो?"

"हो मावशी."

"मुरूम आला?"

"आला."

"पयलं टोपलं कुठं पडलं?"

"तुह्या दारात," धुरपता म्हणाली. "मीच टाकलं."

म्हातारीचा चेहरा एकदम उजळला. तिनं टिकारामच्या बायकोला हाक मारली, "अवो, पाहा, म्हटलं नव्हतं मी? धुरपता बोलली म्हणजे बोलली!" मग तिनं भिंतीला हात लावून उठायची खटपट सुरू केली. उशाशी तिचं बोचकं होतं, गाठ मारून तयार. किती दिवसांपासून ते तसं बांधलेलं होतं कोण जाणे. त्यातून तिनं चाचपत आपला जर्मनचा गिलास काढला आणि धुरपतापुढे धरला.

"हा इथंच देऊन टाकतो कोणाले," ती म्हणाली. "आता कायले लागते? रुखमिणी तं कपात देते. चाल, मले धर. पाच वाजताची एसटी भेटन आपल्याले."

धुरपतानं तिचा हात धरला. तिला सांगायचं होतं. गल्लीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचणारा तो आवाज हातभर अंतरावर बसलेल्या म्हातारीपर्यंत काही केल्या पोचेना.

"काहून वो, बोलत काहून नाही?" गिरजाबाई म्हणाली, आणि दुसऱ्या हातानं चपला शोधू लागली.